पिझ्झा बाइट्स फुटतात, वाहतात, कच्चे राहतात : कारणे आणि उपाय

प्रश्न : सुमारे २५ जणांच्या मेजवानीसाठी, आत पिझ्झाचे सारण भरलेले पिठाचे छोटे गोळे करायचे आहेत. करून पाहिले तेव्हा चीज बाहेर वाहून ट्रेवर करपले, तळाचा भाग आतून कच्चट राहिला आणि चव पिझ्झाची न येता चीज भरलेल्या पावाची आली. हे कसे टाळावे? आणि तयारी आदल्या दिवशी करून ठेवता येईल का?

उत्तर : आपल्या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचे मूळ बहुतांशी एकच आहे. पिझ्झा बाइट म्हणजे लहान आकाराचा पिझ्झा नव्हे. तो चारही बाजूंनी बंद असलेला पदार्थ आहे. उघड्या पिझ्झावरच्या सॉसमधले, भाज्यांमधले आणि चीजमधले पाणी ओव्हनच्या उष्णतेने वाफ होऊन निघून जाते आणि ते जात असतानाच सॉस घट्ट होतो, भाज्यांच्या कडा खरपूस होतात, चीजवर तपकिरी डाग पडतात. ज्या चवीला आपण पिझ्झाची चव म्हणतो, तिचा मोठा वाटा या आटण्यात आणि भाजले जाण्यात असतो. बंद गोळ्याच्या आत यांपैकी काहीही घडत नाही. उलट पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १,६०० पटींहून अधिक वाढते, त्या वाफेला वाट मिळत नाही आणि ती गोळ्याच्या सर्वांत कमकुवत जागी, म्हणजे जोडावर, जोर देते. जोड उघडला की चीज वाहते; उघडला नाही तर ती वाफ पारीच्या आतल्या अंगात मुरते आणि तिथला थर गिच्च राहतो. म्हणून या पदार्थाचा सगळा विचार एका गोष्टीभोवती फिरतो : उघड्या पिझ्झावर जे काम ओव्हनने केले असते, ते सारण भरण्यापूर्वीच कढईत उरकून घ्यायचे.

त्यात पहिला क्रम सॉसचा. ताज्या टोमॅटोत सुमारे ९४ ते ९५ टक्के पाणी असते, त्यामुळे पिझ्झावर पसरण्यासाठी केलेला नेहमीचा सॉस गोळ्यात भरणे म्हणजे आत पाणी भरण्यासारखेच होय. ५०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो वाफवून, साले काढून वाटून घ्यावेत. दोन मोठे चमचे तेलात चार-पाच लसूण पाकळ्या बारीक चिरून मंद आचेवर रंग न बदलता परताव्यात, त्यावर वाटलेला टोमॅटो, मीठ आणि चिमूटभर साखर घालून तो रुंद तोंडाच्या भांड्यात आटवत राहावा. चमच्याने भांड्याच्या तळाशी रेघ ओढली असता ती रेघ लगेच भरून न येता तशीच राहिली आणि कडेने तेल सुटू लागले, म्हणजे सॉस झाला. ५०० ग्रॅम टोमॅटोंचा जेमतेम १२० ग्रॅम सॉस उरतो. इतके कमी कसे उरले, असे वाटून वरून पाणी घालू नये. वाळवलेला ओरेगॅनो तळहातावर चोळून, गॅस बंद करण्यापूर्वी दोन मिनिटे, याच तेल सुटलेल्या सॉसमध्ये घालावा. त्याचा सुवास तेलात उतरतो आणि तेलाबरोबर सारणभर पसरतो. तयार बाटलीतला सॉस वापरायचा असल्यास तोही असाच आटवून घ्यावा लागतो. त्यात मीठ आणि साखर आधीच असते आणि आटताना दोन्ही तीव्र होतात, हे ध्यानात ठेवून वरून काहीही न घालता आधी चव पाहावी.

भाज्यांच्या बाबतीत मी थोडी कठोर आहे. कच्ची ढोबळी मिरची किंवा कच्चा कांदा पिझ्झावर शोभतो, गोळ्यात नाही. कांदा, ढोबळी मिरची, मशरूम, मक्याचे दाणे यांतले जे घ्यायचे ते मक्याच्या दाण्याएवढे बारीक चिरून मोठ्या आचेवर, कढईत गर्दी न करता परतावे. मशरूममध्ये ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते, म्हणून ते वेगळे परतावेत. आधी पाणी सुटेल, मग ते आटेल आणि त्यानंतर कडा तपकिरी होऊ लागतील. त्या तपकिरी कडा दिसेपर्यंत थांबणे आवश्यक आहे, कारण बंद गोळ्यात खरपूस चव येण्याचा हा एकच मार्ग आहे. मीठ शेवटी घालावे, आधी घातल्यास भाजी परतण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. मांसाहारी सारण करायचे असल्यास मांस पूर्ण शिजवलेले आणि बारीक केलेलेच असावे. सलामी किंवा पेपरोनी असल्यास तिचे तुकडे कोरड्या कढईत परतून सुटलेली चरबी कागदावर टिपून घ्यावी, नाहीतर तीच चरबी पुढे जोडातून पाझरते.

चीज कोणते, हा प्रश्न लोक ब्रँडच्या नावाने विचारतात. खरे पाहता विचारायचे ते त्यातल्या पाण्याबद्दल. पाण्यात बुडवून ठेवलेला मऊ, ताजा मोझरेला इथे टाळावा, कारण त्यात निम्म्याहून अधिक पाणी असते आणि तापताच तो ते सोडतो. पिझ्झासाठी म्हणून मिळणारा कमी ओलाव्याचा घट्ट मोझरेला घ्यावा आणि किसण्याऐवजी त्याचे साधारण पावणेदोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करावेत. असा एक तुकडा सुमारे ५ ग्रॅमचा होतो. किसलेले चीज गोळ्यात भरताना कडेला चिकटते आणि लवकर वितळते. तुकडा उशिरा वितळतो आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. भरण्यापूर्वी हे तुकडे २० मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवल्यास आणखी उत्तम, कारण त्यामुळे पारी बाहेरून घट्ट होऊन जोड पक्का होईपर्यंत आतले चीज वाहण्याइतके पातळ होत नाही. मोझरेला मुळात सौम्य चवीचा असतो, म्हणून आटवलेल्या सॉसमध्ये दोन चमचे किसलेले पार्मेझान किंवा दुसरे एखादे जुने, कडक चीज मिसळावे. ‘चीज भरलेला पाव’ असे जे आपल्याला वाटले, त्यावर घट्ट सॉस, तपकिरी भाज्या आणि हे थोडेसे खारट जुने चीज, असा तिहेरी उपाय आहे. इटलीतल्या कॅल्झोनेसारख्या बंद पिझ्झाच्या पाककृतींतही मोझरेला निथळून घ्यायला सांगितलेले आढळते, कारण हेच.

आता पीठ. ५०० ग्रॅम मैदा, २९० ग्रॅम कोमट पाणी, २५ ग्रॅम तेल, १० ग्रॅम साखर, ९ ग्रॅम मीठ आणि ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, या प्रमाणात सुमारे ८४० ग्रॅम पीठ होते आणि २५ ग्रॅमचा एक याप्रमाणे ३३ गोळे निघतात. माणशी चार धरले तर २५ जणांना याच्या तिप्पट पीठ लागेल, परंतु ते एकाच वेळी न मळता अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने तीन घाण्यांत मळावे. एकदम मळल्यास शेवटचे गोळे भरून होईपर्यंत पहिल्यांदा भरलेले जास्त फुगून जातात. नेहमीच्या पिझ्झाच्या पिठापेक्षा यात पाणी थोडे कमी घेतले आहे ते मुद्दाम. ओलसर, सैल पिठाचा पिझ्झा हलका होतो हे खरे, परंतु सैल पिठाची चुणी घट्ट बसत नाही. ८ ते १० मिनिटे नीट मळून पीठ गुळगुळीत झाले आणि बोटाने दाबल्यावर हळूहळू वर आले की ते झाकून, सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या उबेत तास-सव्वा तास, म्हणजे जवळपास दुप्पट होईपर्यंत ठेवावे. गव्हाचे पीठ मिसळायचे असल्यास एकूण पिठाच्या ३० टक्क्यांपर्यंत मिसळावे आणि पाणी दोन चमचे वाढवावे. त्याहून जास्त घातल्यास कोंड्यामुळे पारी ताणताना फाटते. यीस्ट टाळून बेकिंग पावडर आणि दह्याचे पीठ करणारे पुष्कळ आहेत. झटपट खाण्याला ते चालते, पण त्या पिठात ताण कमी असतो, त्यामुळे भरलेल्या गोळ्याला ते मी सुचवणार नाही.

फुगलेल्या पिठाचे वजन करून तुकडे पाडावेत, प्रत्येकाचा गोळा वळावा आणि सगळे गोळे ओल्या फडक्याखाली १५ मिनिटे स्वस्थ ठेवावेत. ही विश्रांती पुष्कळ जण गाळतात. वळल्यामुळे पिठातले ग्लूटेन, म्हणजे पिठाला लवचीकपणा देणारे प्रथिन, ताणलेले असते. तशा अवस्थेत पारी केली तर ती आखडते आणि कसेबसे मिटवलेले तोंड काही मिनिटांत पुन्हा उघडू लागते.

यानंतरचे पाच-दहा सेकंदांचे हातकाम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि आपल्या कच्च्या तळाचे उत्तरही तिथेच आहे. गोळा तळहाताने दाबून सुमारे ७ सेंटिमीटर व्यासाची पारी करावी, पण ती सगळीकडे सारखी जाड नसावी : मध्यभागी जाड आणि कडेला त्याच्या निम्मी. लाटण्याने एकसारखी लाटलेली पारी दिसायला छान दिसते, परंतु चुण्या घेतल्यावर तिच्या सगळ्या कडा तळाशी एकावर एक गोळा होतात आणि तिथे पिठाचा जाड गठ्ठा तयार होतो. वरचा भाग १५ मिनिटांत भाजला जातो, तो गठ्ठा मात्र तेवढ्या वेळात आतपर्यंत शिजत नाही. कडा बोटांच्या चिमटीत दाबून पातळ केल्या की चुण्यांचा थर आणि माथ्याची जाडी जवळपास सारखी होते आणि तळ कच्चा राहण्याचे कारणच उरत नाही.

पारी हातावर घेऊन आधी चीजचा गार तुकडा मध्यभागी ठेवावा आणि त्यावर सॉस व भाज्यांचे मिळून ६ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, सारण ठेवावे. हा क्रम उलटा वाटेल. परंतु गोळा मिटवल्यावर आपण तो जोड खाली करून ठेवतो, तेव्हा आधी ठेवलेले चीज माथ्याशी येते आणि घट्ट सारण जोडाशी राहते. चीज वितळून खाली येते ते सारणात मुरते, थेट जोडावर येऊन पडत नाही. पारीच्या कडेची दीड सेंटिमीटर जागा पूर्ण कोरी ठेवावी. तिथे तेलाचा किंवा सॉसचा अंश लागला तर चुणी मिटल्यासारखी दिसते, पण चिकटलेली नसते आणि ओव्हनमध्ये तीच आधी सुटते. कोरड्या मैद्याचेही तसेच : पारी करताना पीठ भुरभुरले असल्यास कड ओल्या बोटाने पुसून घ्यावी. मग बटव्याचे तोंड नाडीने आवळावे तशा चुण्या घेत कडा एकत्र आणाव्यात, आतली हवा हलकेच दाबून काढावी, चिमटीत तोंड पिळावे आणि टोकाला उरलेला पिठाचा शेंडा जास्त असेल तर तोडून टाकावा. शेवटी गोळा ओट्यावर जोड खाली करून, वाटीसारख्या केलेल्या तळहाताखाली तीन-चार वेळा फिरवावा. त्याने जोड आत दबून एकजीव होतो.

सारण जास्त भरण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि तो समजण्यासारखाही आहे, कारण चावल्यावर चीजचा धागा लांब निघावा अशीच सर्वांची इच्छा असते. तरीही २५ ग्रॅम पिठाला ११ ग्रॅम सारण, ही मर्यादा मी पाळते. सारण वाढवल्यास पारी पातळ होते आणि पिठाची व सारणाची चव बरोबर लागण्याऐवजी नुसते तिखट-खारट तोंडात येते. अधिक ओलसर, रसदार खाण्याची आवड असेल तर ती बाहेर वाटीत दिलेल्या सॉसने भागवावी. तो सॉस हवा तितका पातळ ठेवता येतो.

भरलेले गोळे बटर पेपर घातलेल्या ट्रेवर जोड खाली करून, एकमेकांत ३ सेंटिमीटर अंतर ठेवून मांडावेत आणि झाकून २० ते २५ मिनिटे फुगू द्यावेत. इथे दोन्ही टोकांना धोका आहे. अजिबात न फुगवता ओव्हनमध्ये घातलेला गोळा तिथे एकदम फुगतो आणि बाजूने तडकतो. जास्त फुगवलेल्याची पारी इतकी विरळ होते की जोडाला बळ राहत नाही. बोटाने हलके दाबल्यावर खळगा हळूहळू आणि अर्धवट भरून आला, ही योग्य वेळ. गोळे एकमेकांना चिकटून मांडण्याचीही पद्धत आहे. तसे केल्यास शेजारचे गोळे एकमेकांना आधार देतात आणि फुटण्याचे प्रमाण घटते, मात्र बाजू मऊ राहतात; कुरकुरीत कवच हवे असल्यास अंतर ठेवणेच बरे.

वरून दूध किंवा फेटलेले अंडे ब्रशने लावावे. अंड्याने रंग गडद आणि चकचकीत येतो, दुधाने फिकट सोनेरी. लसूण घातलेले लोणी मात्र भाजण्यापूर्वी लावू नये, कारण बारीक लसूण तेवढ्या उष्णतेत करपून कडू होतो. ते ओव्हनमधून काढल्याबरोबर, गोळे तापलेले असतानाच लावावे. ओव्हन २१० अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे आधी तापवलेला असावा आणि ट्रे मधल्या कप्प्याच्या एक पायरी खाली ठेवावा, म्हणजे तळाला उष्णता नीट पोहोचते. १४ ते १६ मिनिटे पुरतात. कमी तापमानावर जास्त वेळ भाजणे सुरक्षित वाटते, पण इथे ते उलट पडते, कारण पारी घट्ट होण्यास वेळ लागतो आणि आतले चीज तोवर उकळू लागते. एक गोळा उलटून पाहावा : जोडाची जागाही तपकिरी झालेली असावी आणि टिचकी मारल्यावर पोकळ आवाज यावा. तापमापक असल्यास त्याचे टोक पिठाच्या जाड भागात खुपसून पाहावे. ९३ ते ९५ अंश आले की पीठ शिजले. रंग आल्यानंतरही ‘अजून दोन मिनिटे’ ठेवण्याच्या नादात पुष्कळ चांगले गोळे फुटतात.

ओव्हन नसेल तर एअर फ्रायरमध्ये १७५ अंशांवर ९ ते ११ मिनिटे लागतात. त्यातल्या वाऱ्याने पृष्ठभाग लवकर सुकतो, म्हणून वरून तेलाचा हात फिरवावा आणि गोळे उलटायचे असल्यास दोन-तृतीयांश वेळ झाल्यावरच उलटावेत, त्याआधी जोड पक्का झालेला नसतो. तळायचे असल्यास गोळे लहान, सुमारे १५ ग्रॅम पिठाचे करावेत आणि तेल १७० अंशांच्या आसपास राखावे. मोठा गोळा बाहेरून लाल होतो आणि आत कच्चा राहतो.

आदल्या दिवशीच्या तयारीबद्दल : भरलेले कच्चे गोळे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवू नयेत. यीस्टचे काम थंडीतही मंद गतीने सुरू राहते, सारणातला ओलावा पारीत शिरतो आणि सकाळपर्यंत जोड सैल पडतात. त्याऐवजी दोन मार्ग आहेत. पहिला असा की सॉस आणि भाज्या शिजवून, पूर्ण गार करून फ्रीजमध्ये ठेवाव्यात आणि पीठ निम्म्या यीस्टमध्ये, म्हणजे अडीच ग्रॅममध्ये, मळून झाकून रात्रभर फ्रीजमध्येच फुगू द्यावे. मेजवानीच्या दिवशी पीठ तासभर आधी बाहेर काढून गोळे करावेत. थंडीत सावकाश आंबलेल्या पिठाला चवही अधिक खोल येते, म्हणून हाताशी मदतीला माणूस असल्यास हाच मार्ग निवडावा. गार सारण आणखी एका कारणाने उपयोगी पडते : गरम सारण भरल्यास पारी आतून लगेच चिकट होते आणि चीज हातातच मऊ पडते.

१०० गोळ्यांसाठी मात्र दुसरा मार्ग अधिक सोयीचा आहे. आदल्या दिवशी गोळे २०० अंशांवर १० मिनिटे, म्हणजे कवच घट्ट होऊन रंग नुकताच फिकट पिवळसर येईपर्यंत, भाजावेत. मग ते जाळीवर पूर्ण गार करावेत. कोमट असताना डब्यात भरले तर झाकणाला पाणी धरते आणि कवच ओले होते. गार झाल्यावर एका थरात हवाबंद डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावेत. मेजवानीच्या वेळी ते तसेच थंड, २१० अंशांच्या ओव्हनमध्ये ७ ते ८ मिनिटे ठेवले की रंग येतो आणि चीज पुन्हा वितळते. दूध किंवा अंडे लावायचे ते या दुसऱ्या फेरीच्या आधी. हेच अर्धे भाजलेले गोळे ट्रेवर सुटे गोठवून, नंतर पिशवीत भरून फ्रीजरमध्ये महिनाभर ठेवता येतात; गोठलेले थेट ओव्हनमध्ये घालावेत आणि वेळ ४ ते ५ मिनिटांनी वाढवावा.

वाढताना एक काळजी घ्यावी. बाहेरचे कवच हाताला सोसेल इतके निवले तरी आतले चीज आणि टोमॅटो बराच वेळ चटका देण्याइतके गरम राहतात. मोठ्यांना ४ ते ५ मिनिटे थांबून द्यावेत आणि लहान मुलांना गोळा मधोमध कापून, वाफ जाऊ देऊनच द्यावा. सगळे १०० एकदम न भाजता ३०-३० च्या फेऱ्या कराव्यात, म्हणजे शेवटच्या पाहुण्यालाही गरम मिळतील. चीज आणि मांस असल्यामुळे भाजलेले गोळे बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत. उरलेले फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी १८० अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा झाकण घातलेल्या तव्यावर मंद आचेवर गरम करावेत. मायक्रोवेव्हमध्ये कवच आधी मऊ पडते आणि निवताच वातड होते, म्हणून तो टाळावा.